पाचरीचं काम डोळ्यांनी : धनुष्यासाठी फळी निवडण्याविषयी

घरच्या घरी लाकडी धनुष्य करायचं ठरवणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो लाकडाच्या जातीचा. यूचं लाकूडच हवं का, ओसेज ऑरेंज कुठे मिळेल, हिकरी चांगली की ॲश, आपल्याकडचं सागवान चालेल का? प्रश्न स्वाभाविक आहे. पलंग, दार, चौकट यांच्या बाबतीत जात ठरली की बरंचसं काम ठरतं, म्हणून जातीपासून सुरुवात करण्याची सवय लाकूडकाम करणाऱ्या प्रत्येकाला असते. धनुष्याच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो, आणि तो का, हे पटवून देणं एवढंच या प्रस्तावनेचं काम आहे. माझं म्हणणं असं, की वखारीतून आणलेल्या कापीव फळीचं धनुष्य टिकेल की मोडेल, हे लाकडाच्या जातीपेक्षा त्या एका फळीतल्या तंतूंच्या दिशेवर जास्त अवलंबून असतं. तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेले असतील तर मध्यम प्रतीच्या लाकडातूनही वर्षानुवर्षं चालणारं धनुष्य निघतं. ते तिरपे असतील तर नामांकित जातीची फळीही दगा देते. मोजमापं, रंधकाम, दोन्ही भुजा समतोल वाकवत नेण्याचं टिलरिंगचं काम, दोरी वळणं हे सगळं पुढच्या प्रकरणांत येईल. फळी चुकली तर त्यातलं काहीच कामाला येत नाही.

जुन्या धनुष्यकारांना हा प्रश्न या रूपात पडतच नव्हता. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली सापडलेली एल्म लाकडाची धनुष्यं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फाखाली सापडलेल्या ओट्झी नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाजवळ यूचं १.८२ मीटर लांबीचं, अर्धवट तासलेलं धनुष्य होतं. १५४५ साली बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्रज लढाऊ जहाज १९८२ साली समुद्रातून वर काढलं, त्यात यूची १३७ अखंड धनुष्यं मिळाली. काळ वेगळे, माणसं वेगळी, पण एका बाबतीत ही परंपरा सारखी आहे. बारीक खोड असेल तर ते तासायचं आणि जाड ओंडका असेल तर पाचरी ठोकून उभा फोडायचा. पाचर स्वतःची वाट ठरवत नाही. तंतू जिकडे जातात तिकडेच लाकूड उकलतं, म्हणून फोडून काढलेल्या तुकड्यात तंतू सहसा तुटत नाहीत. खोडाला बाक असेल तर तुकडाही बाकदार निघतो, पीळ असेल तर पिळलेला निघतो, आणि धनुष्यकाराला त्या वाकड्यातिकड्या तुकड्याशी जुळवून घ्यावं लागतं. दिसायला ते धनुष्य सरळ नसेल, पण त्याच्या पाठीवरचा तंतू सलग असतो.

करवतीला तंतू कळत नाहीत. सॉ मिलमध्ये ओंडका गाड्यावर चढतो आणि पातं आपल्या सरळ रेषेत चालत राहतं. झाड मात्र सरळ रेषेत वाढलेलं नसतं. खोड बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे निमुळतं, मध्येच किंचित वाकलेलं, आणि कित्येक झाडांत तंतू खोडाभोवती मंद पीळ घेत वर चढलेले. अशा ओंडक्यातून निघालेल्या फळीच्या कडा सुतासारख्या सरळ दिसतात, आणि आतले तंतू मात्र एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलेले असतात. टेबलाच्या फळीत याने काही बिघडत नाही. धनुष्यात बिघडतं. धनुष्य ओढलं की त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे तिरंदाजाकडची बाजू, दाबली जाते. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या लांब पोकळ काड्यांची पेंढी. काड्यांच्या लांबीच्या दिशेने ओढलं तर ती प्रचंड ताण सोसते. आडवं ओढलं तर चिकटलेल्या काड्या सुटतात, आणि त्यासाठी फारसा जोर लागत नाही. नॉर्दर्न रेड ओकची आडवा ताण सोसण्याची ताकद त्याच्या उभ्या वाकताकदीच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकीच आहे. पाठीवरचा तंतू तिरपा असेल तर उभ्या ताणाचा काही भाग आपोआप आडवा होतो आणि या दुबळ्या चिकटपणावर येऊन पडतो. पाठीवर एक सळ उचलली जाते, आणि पुढच्या क्षणी भुजा तिरपी फाटते.

इथवरचं तर्काने झालं. आकडे काय सांगतात? अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथे १९१० पासून फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी ही सरकारी प्रयोगशाळा आहे. तिच्या ‘वुड हँडबुक’ या ग्रंथातले दोन तक्ते शेजारी ठेवून वाचले की जातीचा आणि रेषेचा हिशेब समोरासमोर येतो. पहिल्या तक्त्यात निर्दोष, सरळ रेषेच्या, १२ टक्के ओलाव्याच्या नमुन्यांची वाकवून मोडण्याची ताकद दिली आहे. नॉर्दर्न रेड ओक ९९ मेगापास्कल, व्हाइट ॲश १०३, शुगर मेपल १०९. म्हणजे फळीच्या धनुष्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या या तीन जातींत खालच्या आणि वरच्या आकड्यातला फरक दहा टक्क्यांचा आहे. दुसऱ्या तक्त्यात तंतूंच्या तिरपेपणाने किती ताकद जाते ते आहे. वीस इंच लांबीत तंतू एक इंच बाजूला सरकत असेल तर वाकताकद ९३ टक्के उरते. दहा इंचांत एक इंच सरकला तर ८१, आणि पाच इंचांत एक इंच सरकला तर अवघी ५५. धक्क्याने वाकवण्याच्या चाचणीत घसरण आणखी तीव्र आहे. त्याच क्रमाने ९०, ६२ आणि ३६. दाबाखालची ताकद मात्र जवळपास जागची हलत नाही. वीसला एक असताना १००, दहाला एक असताना ९९, पाचला एक असताना ९३. तिरपेपणाचा जवळजवळ सगळा फटका ताणाला बसतो, आणि धनुष्याच्या पाठीला सोसायचा असतो तो ताणच. सर्वांत बळकट मानली जाणारी शॅगबार्क हिकरी १३९ मेगापास्कलची आहे. पण पाचला एक तिरपेपणाची हिकरी ७६ वर येते, म्हणजे सरळ रेषेच्या साध्या रेड ओकच्याही बरीच खाली. जातीवरून वाद घालणाऱ्याने हे दोन तक्ते एकदा तरी एकत्र पाहावेत.

यावर कुणी म्हणेल, की वीसला एक म्हणजे अगदीच किरकोळ तिरपेपणा, आणि सात टक्के नुकसान सहज सोसता येईल. खुर्चीच्या पायाला सोसता येईल. धनुष्याची भुजा मुठीजवळ सुमारे १५ मिलिमीटर जाड असते आणि वाकणारा भाग साधारण ७५ सेंटिमीटर लांब. जाडीच्या दिशेने वीसला एक तिरपा असलेला तंतू ३० सेंटिमीटरमध्ये पाठीपासून पोटापर्यंत जाऊन बाहेर पडतो. दहाला एक असेल तर १५ सेंटिमीटरमध्ये. म्हणजे एकाच भुजेत तंतूंचे थर पायऱ्यांसारखे एकामागून एक तुटत जातात, आणि त्यातली प्रत्येक पायरी ही फाटण्याची जागा असते. त्यात भर अशी, की खुर्चीचा पाय मोडण्याच्या मर्यादेच्या फार खाली वापरला जातो, तर चांगलं धनुष्य दर बाणाला त्या मर्यादेच्या बरंच जवळ नेलं जातं, तेही हजारो वेळा, आणि दोरी सुटताना दर वेळी भुजांना हिसका बसतो. म्हणून धनुष्याच्या फळीत पन्नासला एकपेक्षा जास्त तिरपेपणा नसावा असं मी मानतो. तेवढा असला तरी पाठीवरचा तंतू जवळजवळ पूर्ण भुजाभर पोहोचतो. रुंदीच्या दिशेचा तिरपेपणा याच्या तुलनेत थोडा माफ करता येतो, कारण भुजा जाडीपेक्षा रुंदीला अडीच-तीन पट असते. टोकांकडे ती निमुळती होते, तिथे मात्र ही सवलत संपते.

आता प्रत्यक्ष फळी कशी वाचायची ते. यात बहुतेक लोक फसतात, कारण फळीवर दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्या एकच समजल्या जातात. वार्षिक वलयांच्या रेषा ही एक, आणि तंतूंची दिशा ही दुसरी. आधी फळीचं टोक पाहावं. तिथे वलयांचे कंस रुंद बाजूला समांतर असतील तर फळी ओंडक्याच्या कडेकडून सपाट कापलेली आहे. ते रुंद बाजूला काटकोनात उभे असतील तर ती गाभ्याच्या दिशेने कापलेली आहे. तिरके असतील तर मधली. यातली कुठलीही चालते. उभ्या वलयांचीच फळी हवी, हा आग्रह चुकीचा आहे. त्यानंतर एक वलयरेषा धरून ती फळीच्या पातळ कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत जावी, लागलं तर पेन्सिलीने गिरवावी. रेषा मध्येच कडेबाहेर निघून गेली तर ती फळी परत ठेवावी. सपाट कापलेल्या फळीच्या तोंडावर टोकदार कमानी एकात एक दिसतात, त्या सुंदर दिसतात म्हणून सुताराला आवडतात. धनुष्यासाठी त्या धोक्याची खूण आहेत, कारण प्रत्येक कमान म्हणजे करवतीने आडवं छेदलेलं एक वलय. तोंडावरच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत समांतर धावत असतील तरच पुढे जावं.

एवढ्यावर थांबणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता अजून उरते, कारण खोडाचा पीळ वलयरेषेत दिसत नाही. वलयं सरळ असूनही तंतू त्यांच्याच प्रतलात तिरपे चढत गेलेले असू शकतात. हा पीळ वलयांना समांतर असलेल्या बाजूवर पाहावा लागतो. सपाट कापलेल्या फळीत ती बाजू म्हणजे रुंद तोंड, आणि उभ्या वलयांच्या फळीत पातळ कड. रेड ओकचा इथे मोठा फायदा होतो, कारण त्याची छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतकी मोठी असतात. छोट्या तुकड्याच्या एका टोकाला तोंड लावून फुंकलं तर हवा दुसऱ्या टोकातून बाहेर येते, इतकी ती मोकळी असतात. रंधा मारलेल्या पृष्ठभागावर ती बारीक ओरखड्यांसारखी उमटतात, आणि त्यांच्यामध्ये गडद, दोन्ही टोकांना निमुळत्या, बोटाच्या पेरापेक्षा आखूड रेघा दिसतात. या रेघा म्हणजे खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणारे किरणपट्टे, काटछेदात दिसणारे. ओरखडे आणि रेघा दोन्ही खऱ्या तंतूंच्या दिशेने असतात. फळीची कड आणि या रेघा यांच्यात कोन दिसला, तर वलयं कितीही सरळ असोत, लाकूड पिळाचं आहे. मेपलसारख्या बारीक छिद्रांच्या लाकडात हे ओळखणं कठीण जातं. तिथे रंधा मारलेल्या जागी फाउंटन पेनच्या शाईचा थेंब टाकून पाहावा, शाई तंतूंच्या वाटेने लांबट पसरते. सुकताना पडलेली केसासारखी चीरही तंतूंच्याच दिशेने जाते, त्यामुळे टोकाशी चिरलेली फळी घ्यायची नसली तरी वाचायला उपयोगी पडते. दोन्ही दिशांना थोडाथोडा तिरपेपणा असेल तर त्यांची बेरीज होते, हेही ध्यानात ठेवावं. एका बाजूवर बाराला एक आणि दुसऱ्या बाजूवर सोळाला एक असेल तर खरा तिरपेपणा जवळजवळ दहाला एकचा भरतो. याच बेरजेमुळे, दोन्ही बाजू वेगवेगळ्या पाहिल्या तर पन्नासला एकच्या मर्यादेत बसणारी फळीही नापास होऊ शकते.

रेषेची परीक्षा झाल्यावर मग वजनाची. ओक, ॲश, हिकरी यांच्या प्रत्येक वलयात वसंतात वाढलेला मोठ्या छिद्रांचा हलका थर आणि त्यानंतरचा घट्ट थर असतो. झाड भराभर वाढलेलं असेल तर वाढ होते ती मुख्यतः घट्ट थराची. म्हणून या जातींत जाड वलयांची फळी बहुधा जड आणि बळकट निघते, आणि फार दाट, बारीक वलयांची फळी हलकी व ठिसूळ निघते. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत याच्या उलट असतं, आणि बारीक वलयं म्हणजे उत्तम लाकूड हा समज तिथूनच आलेला दिसतो. पाऊण इंच जाड, अडीच इंच रुंद, सहा फूट लांब अशी सुकलेली रेड ओकची पट्टी दीड किलोच्या आसपास भरते. एकाच मापाच्या सरळ रेषेच्या दोन फळ्यांतली जड ती घ्यावी. गाठ भुजेत कुठेही नको. मुठीच्या भागात लहानशी असेल तर चालते, कारण मूठ वाकत नाही. फळी तोंडाच्या दिशेने थोडी वाकलेली असेल तर तो दोष धरू नये. तो बाक पाठीकडे वळवून घेतला तर उलट कामाचा ठरतो. कडेच्या दिशेचा वाक आणि फळीला आलेला पीळ मात्र नको. शक्य असेल तर त्याच फळीच्या कापून उरलेल्या टोकातून पेन्सिलीएवढी जाड काडी काढून ती मोडेपर्यंत वाकवावी. लांब, केसाळ कुसळं काढत मोडली तर लाकूड चिवट आहे. कटकन, आखूड मोडली तर ते धनुष्याच्या लायकीचं नाही, मग रेषा कितीही सरळ असो.

आता जातीचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं. यू आणि ओसेज ऑरेंज ही थोर लाकडं आहेत यात शंका नाही. ती वाकून परत येण्यात कमालीची तरबेज आहेत, म्हणून अरुंद आणि आखूड धनुष्यातही तग धरतात. पण त्यावरून बाकीची लाकडं निकामी ठरत नाहीत. भुजेचा कणखरपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दुप्पट केली तर जोर दुप्पट, आणि जाडी फक्त दहा टक्के वाढवली तर जोर तेहेतीस टक्के जास्त. दुसरीकडे पृष्ठभागावरचा ताण जाडीनुसार वाढतो. म्हणून कमी प्रतीच्या लाकडाला रुंद, पातळ आणि लांब ठेवलं की तेवढाच जोर कमी ताणात मिळतो. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉपस्टेग आणि फॉरेस्ट नॅगलर या वैज्ञानिक-अभियंत्यांनी धनुष्याचं गणित मांडलं आणि इंग्रजी वळणाच्या गोलसर, जाड छेदापेक्षा सपाट छेद सरस ठरतो हे दाखवलं. त्यांचे लेख १९४७ साली ‘आर्चरी : द टेक्निकल साइड’ या ग्रंथात एकत्र आले. १९९२ पासून निघालेल्या ‘द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ या मालिकेत टिम बेकर यांनी हाच विचार पुढे नेला आणि कोपऱ्यावरच्या लाकडाच्या दुकानातल्या रेड ओकची फळी धनुष्याला पुरते हे नवशिक्यांपुढे ठेवलं. त्यानंतर अमेरिकेत फळीचं धनुष्य हा नवशिक्याचा राजमार्ग झाला. यूचा ओंडका मिळवून तो महिनोन् महिने सुकवत बसण्याची गरज उरली नाही, आणि पहिलं धनुष्य करताना मोठं नुकसान होण्याची भीतीही उरली नाही. जात महत्त्वाची आहेच, पण ती रचनेने भरून काढता येते. तुटलेला तंतू कुठल्याही रचनेने जोडता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पाठीवर कापड, कातडं किंवा रेशीम चिकटवलं की रेषेचा दोष झाकला जातो, मग एवढी छाननी कशासाठी? तागाचं कापड किंवा कच्चं कातडं पाठीवरची सळ उचलू देत नाही, हे खरं आहे, आणि काठावर पास झालेल्या फळीला ते लावावं असं मीही सांगेन. पण कापड पृष्ठभाग धरून ठेवतं. आतले तिरपे थर एकमेकांवरून घसरायला लागले की त्याचा काही इलाज चालत नाही. बांबूची किंवा हिकरीची पातळ पट्टी पूर्ण पाठीवर चिकटवली तर गोष्ट वेगळी होते. तेव्हा ताणाचा मोठा वाटा ती पट्टी उचलते आणि खालच्या फळीच्या रेषेबद्दल आपण थोडे उदार होऊ शकतो. ही सूट मी मान्य करतो. पण मग त्या पट्टीची रेषा तितकीच सरळ असावी लागते. प्रश्न सुटत नाही, फक्त एका थराने वर सरकतो.

भट्टीत सुकवलेलं लाकूड मेलेलं असतं, असंही ऐकू येतं. नीट सुकवलेल्या फळीच्या बाबतीत हे खरं नाही. धोका आहे तो ओलाव्याच्या प्रमाणाचा. अमेरिकेत घरातल्या कामासाठी विकल्या जाणाऱ्या फळ्या बहुधा ६ ते ८ टक्क्यांपर्यंत सुकवलेल्या असतात, आणि धनुष्याला ८ ते १० टक्के हा पल्ला मानवतो. फार कोरडं लाकूड पाठीवर ठिसूळ होतं, आणि फार ओलं लाकूड पोटावर दबून कायमचा बाक धरतं. आपल्याकडच्या वाचकाने दुसऱ्या धोक्याकडे जास्त लक्ष द्यावं. हवेची आर्द्रता ८० टक्के असली की लाकूड १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती याहून वर असते. अशा दिवसांत करायला घेतलेलं धनुष्य दोरी उतरवल्यावरही वाकलेलंच राहतं. विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यात याच्या उलट होतं. तिथे फळी सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवावी आणि टोकं मेणाने किंवा रंगाने बंद करावीत.

महाराष्ट्रातल्या वाचकाचा रास्त प्रश्न उरतो. आपल्याकडे तीरकमठ्याची परंपरा बांबूची आहे. भिल्ल आणि इतर आदिवासी समाजांनी ती जपली, आणि राष्ट्रीय स्पर्धांतही ‘इंडियन राउंड’ हा बांबूच्या धनुष्याचा स्वतंत्र प्रकार आहे. मग फळी हवीच कशाला? बांबू मिळत असेल आणि हाताला जमत असेल तर जरूर बांबूचं करावं. बांबू उभा फोडला जातो, करवतीने चिरला जात नाही, आणि पेरापेरातून तंतू सलग जातात. म्हणजे इथेही काम करते ती पाचर. फळीचं धनुष्य ज्याला करायचं आहे त्याने आपल्या वखारीत काय पाहावं? सागवान नको. ते टिकाऊ आहे, दिसायला देखणं आहे, पण धक्का सोसण्यात कमी पडतं, म्हणूनच कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करत नाहीत. दांड्याला आणि कावडीच्या काठीला जी धामण वापरली जाते, तिचं लाकूड लवचिक आणि चिवट आहे, आणि धनुष्यासाठी तिचा जुना वापर आहे. कापीव धामण मिळाली तर ती आधी पाहावी. मोठ्या शहरांतल्या वखारींत आयात केलेला ॲश मिळतो, आणि स्टीम बीच तर सर्रास मिळतो. दोन्ही चालतात, बीचची भुजा थोडी रुंद ठेवावी. फिंगर जॉइंटने जोडलेल्या रबरवुडच्या फळ्या, प्लायवूड, एमडीएफ यांकडे पाहूच नये. तिथे सलग तंतू नावाची गोष्टच नसते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाचं काम सोपं आहे. बांधकामाच्या मोठ्या दुकानांत रेड ओकच्या पट्ट्या मापात तयार असतात, आणि फळ्या उचलून निवडायला सहसा कुणी हरकत घेत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. इतकी कडक परीक्षा लावली तर ढिगातून एकही फळी पास व्हायची नाही. असं होतं, आणि अनेकदा होतं. त्या दिवशी रिकाम्या हाताने परत यावं. नापास फळी स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्याचे रंध्याखालचे सगळे तास वाया जातात, आणि पूर्ण ओढलेलं धनुष्य मोडतं तेव्हा त्याचे तुकडे चेहऱ्याजवळून उडतात, म्हणून हा केवळ पैशांचा किंवा वेळेचा हिशेब नाही. तेव्हा वाचकाला माझी विनंती अशी आहे, की हे पुस्तक पुढे वाचण्याआधी एकदा वखारीत जाऊन यावं आणि पहिल्या फेरीत काहीही विकत घेऊ नये. वीस-पंचवीस फळ्या हातात घ्याव्यात, टोकं पाहावीत, कडेवरची एक रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी चालत जावी, तोंडावरच्या बारीक रेघांचा कल पाहावा, आणि प्रत्येक फळी का नाकारली हे मनाशी सांगावं. वखारवाल्याला आपण काय शोधतो ते आधीच सांगावं, आणि काढलेल्या फळ्या जशा होत्या तशा रचून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वेळी तोही मदत करेल. धनुष्य ओढून पाहण्याची वेळ येईल तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच.